मुलूख आणि कथाकार

लेखक आपल्या मुलखातून घडतो असे आपण सहज म्हणतो, पण मुलूख त्याला नेमके काय देतो हे क्वचितच तपासतो. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ साली पुस्तकरूपाने आली. माणदेशातली धनगरांची वाडी, तिथे नेमणुकीवर आलेला कोवळा मास्तर, गावाने कष्टून उभारलेली तालीम आणि दुष्काळाने उठून गेलेली वस्ती, एवढाच तिचा ऐवज. माडगूळकर याच अवर्षणी भागात वाढले, तरुणपणी शाळामास्तरही होते. तरीही ही कादंबरी म्हणजे नुसत्या आठवणी, असे मला वाटत नाही. मुलखाने त्यांना कथानकाहून मोलाचे काही दिले, ते म्हणजे कशाकडे पाहायचे याची सवय. पाऊस चुकला की जिथे मेंढरांना चारा उरत नाही, तिथे आभाळ आणि कुरण या पोटापाण्याच्या बाबी असतात. म्हणून या कादंबरीत निसर्ग शोभेसाठी येत नाही. माणसांचे पुढे काय व्हायचे ते तोच ठरवतो.

यावर कोणी म्हणेल, थोरले बंधू गदिमाही त्याच घरातले. त्यांचे 'गीतरामायण' त्याच १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झाले, मग दोघांचे लेखन इतके वेगळे कसे? आक्षेप रास्त आहे. मुलूख सामग्री पुरवतो, निवड स्वभाव करतो. एकाने लय उचलली. चित्रे काढणाऱ्या दुसऱ्याने आकार आणि हालचाल.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे: लेखक स्वतः न भोगलेलेही लिहितोच की. हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी यमूच्या तोंडून सांगितली. विधवेचे भोग त्यांनी स्वतः कुठे भोगले होते? भोगले नव्हते, पण पाहिले होते. पुण्यातल्या ज्या घरांत केशवपन होई, त्याच समाजात ते राहत होते. शेजारच्या खोलीतले हुंदके ऐकणे हाही अनुभवच. 'बनगरवाडी'चा मास्तरसुद्धा बाहेरूनच आलेला आहे, आणि आपण धनगर असल्याचा आव तो आणत नाही. त्या प्रामाणिकपणामुळेच त्याच्या नजरेवर आपला विश्वास बसतो. मात्र या पाहण्याला मर्यादा आहे. बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ साली आला, तेव्हा जात लपवून जगणाऱ्याची धास्ती मराठी कथेत उतरली. कितीही सहृदय असलेल्या सवर्ण लेखकाला ती शेजारून दिसण्यासारखी नव्हती, कारण दलित वस्तीच्या शेजारी त्याचे घरच नव्हते.