समुद्रकाठची जागा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आमच्या घरी कोकणात समुद्रकाठी जागा घेण्याचा बेत झाला होता, तो का मोडला ते सांगावे असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला. भाषणाची मला सवय नाही. चुकले तर सांभाळून घ्यावे.

आपल्या भद्रावतीच्या आसपास कोळशाच्या खाणींत ज्यांची शेते गेली, त्यांच्या घरी भरपाईचा पैसा आला की ओळखदेख नसलेली माणसेही चहाला येऊ लागतात. आमचेही बरेच शेत गेले, थोडे उरले. महिन्याभरातच एक दलाल गुळगुळीत चित्रांचे पुस्तक घेऊन दारी हजर! त्यात निळा समुद्र, पांढरा बंगला, पोहण्याचा हौद. जागा वेंगुर्ल्याच्या बाजूची, पाच गुंठे. "वहिनी, हे गाव आता वर येणार. तुमच्याच नावे घ्या, मुद्रांकही एक टक्का कमी लागेल," असे तो म्हणाला.

गावाबद्दल तो खोटे बोलत नव्हता. सिंधुदुर्ग 1997 साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर 2021 मध्ये सुरू झाला, आणि गोव्याच्या हद्दीत मोपा येथे दुसऱ्या विमानतळाचे उद्घाटन डिसेंबर 2022 मध्ये झाले. भाव चढणारच. पण गावाचा भाव चढला म्हणून जागा आपली होते असे थोडेच आहे! मुद्रांकाची सवलतही एप्रिल 2021 पासून खरीच आहे, पण ती बाईच्या नावे राहते घर घेतल्यास. मोकळ्या जमिनीस ती नाही, हे त्याने सांगितले नाही.

हे तर लगेच विसार द्यायला निघाले होते. मी म्हटले, "अहो, लुगडे घेतानाही आपण उलगडून पाहतो. आधी जाऊन येऊ."

गेलो. मी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. इरई धरणाच्या पाण्यावरून मनाशी जी कल्पना केली होती, ती अगदीच तोकडी निघाली. पायाखालची वाळू सरकली तशी मी यांचा हात धरला, आणि खरे सांगते, त्या घटकेला दलालाने कागद पुढे केला असता तर मीसुद्धा सही केली असती.

जागेशेजारी एक म्हातारी सुरूच्या काटक्या वेचीत होती. भरती कुठवर येते, असे मी तिला विचारले. तिने आमच्या कुंपणाच्या पायथ्याशी वाळलेल्या शेवाळाची ओळ दाखवली. मुलीने नियम वाचून ठेवले होते. किनाऱ्याचे नियम 1991 पासून आहेत, ते 2011 आणि 2019 साली बदलले. तरीही तुरळक वस्तीच्या खेड्यात भरतीच्या रेषेपासून 200 मीटरपर्यंत नवा बंगला उठत नाही. मग चित्रातला हौद कुठे खणणार होते, कोण जाणे!

सातबारा दलालाने महिनाभर "आज देतो, उद्या देतो" करून टाळला होता. मुलीने गट नंबर घालून तो मोबाईलवर काढला. डिजिटल सहीचा उतारा 15 रुपयांत मिळतो. जमीन शेतीचीच निघाली, बिगरशेती झालेली नव्हती. 500 चौरस मीटरांहून मोठ्या जागेवर भूखंड पाडून विकायचे तर महारेराची नोंदणी लागते. हा कायदा मे 2017 पासून पुरता लागू आहे, आणि त्या गुळगुळीत पुस्तकात नोंदणीचा नंबर कुठेच नव्हता.

पण माझे लक्ष नावांवर खिळले. एका उताऱ्यावर तेवीस नावे, त्यांत नऊ बायकांची. दलाल म्हणाला, "त्या बहिणी हो. मुंबईला असतात, करतील सह्या." मी ती नावे मोठ्याने वाचू लागले, तशी म्हातारीने मान वर केली. चौथे नाव तिचेच होते. ती म्हणाली, "माका कोणी विचारूक नाय."

भगिनींनो, मुलींना वडिलार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा आपल्या महाराष्ट्रात 1994 साली मिळाला, साऱ्या देशात 2005 साली. माझे वडील त्यानंतर गेले. माझेही नाव माहेरच्या सातबाऱ्यावर लागले होते. तेराव्याला भावाने लुगडे दिले, तलाठ्यापुढे हक्कसोडीचा कागदही ठेवला, आणि मी सही केली. मला निदान विचारले तरी होते. त्या दिवशी वाळूत उभी राहून मी त्या म्हातारीकडे फार वेळ पाहू शकले नाही.

परतीच्या गाडीत हे बराच वेळ गप्प होते. मनमाडच्या अलीकडे म्हणाले, "आपल्या उरलेल्या शेताच्या उताऱ्यावर तुझे नाव आहे काय गं?" नव्हते. आता अर्ज दिला आहे.

दलालाचा फोन अजून येतो. हे तो माझ्या हाती देतात. मी म्हणते, "नऊ जणींच्या सह्या घेऊन या, चहा ठेवते."