सशाच्या वाटेवरचा परकोट

चंद्रपूरचा परकोट कुणी आखला? लोककथा म्हणते, सशानं!

गोंड राजा खांडक्या बल्लाळशहाची राजधानी बल्लारपूरला होती. अंगभर फोड, औषध लागू पडेना. शिकारीला निघालेल्या राजाला तहान लागली. झरपट नदीचं पात्र कोरडं होतं, एका खळग्यात तेवढं पाणी. तो प्यायला, हातपाय धुतले आणि त्या रात्री गाढ झोपला. सकाळी राणी हिरातानी पाहते तर फोड गायब! त्या खळग्यापाशी जाऊन गवत बाजूला सारलं, तर खडकात गाईच्या खुरांचे ठसे, पाण्यानं भरलेले. तेच अंचलेश्वराचं तीर्थ.

पुढे तिथंच कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा राजाच्या कुत्र्याच्या मागे लागला. राणी म्हणाली, ही वीरभूमी. ससा धावला त्या वाटेनं तट बांधा.

गंमत म्हणजे, हंपी आणि अहमदाबादच्या स्थापनेच्या कथांतही ससा कुत्र्यांवर उलटतो. पण मला आवडते ती आपलीच. तिथं निर्णय राणीचा आहे.

हा सुमारे 11 किलोमीटरचा परकोट चंद्रपुरात आजही आहे. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अंचलेश्वर हे त्याचे चार दरवाजे. जटपुऱ्याखालून तर रोज गाड्यांची रीघ असते.