आप्पांचा खराटा



आज १० मार्च. १९७१ साली याच महिन्यात, याच तारखेला आप्पासाहेब पटवर्धन गेले. लोक त्यांना कोकणचे गांधी म्हणत. आत्ता आपण त्यांच्या फोटोला हार घातला. आप्पा इथे असते, तर त्यांनी आधी विचारलं असतं, "संडास साफ आहे का?"

हसू नका. त्याच कामासाठी हा माणूस तुरुंगात अर्धपोटी राहिला.

१९३० साली आपल्या शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला. त्यात आप्पा होते. पुढे १९३२ साली ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तिथे मैला उचलायचं काम ठरावीक जातीच्या कैद्यांनीच करायचं, असा नियम. आप्पा जातीने ब्राह्मण, खूप शिकलेले. ते म्हणाले, "हे काम मलाही द्या." सरकार म्हणालं, नियमात बसत नाही. काम टाळणारे कैदी पुष्कळ असतात. पण असलं काम मागून घेणारा?

आप्पांनी अन्न कमी केलं. गांधीजी तेव्हा येरवड्याच्या तुरुंगात होते. त्यांना हे कळलं आणि डिसेंबरात त्यांनीही उपास धरला. नियमाचा विचार करू, असं सरकारने कळवलं, तेव्हा कुठे उपास सुटला.

१९४८ साली आप्पांनी कणकवलीजवळ वागद्याला गोपुरी आश्रम काढला. तिथे मेलेल्या ढोरांचं कातडं सोडवायचं काम सुरू केलं. साधे, स्वस्त संडास करून दाखवले. मैल्यावर माती, पातेरा टाकायचा. तो कुजला की शेताला खत. हाताने मैला उचलायला माणूसच लागू नये, हा त्यातला हिशोब.

आता आपल्याकडचं सांगतो. मागच्या जत्रेला देवळामागचे संडास तुंबले. आपण बाहेरून एक माणूस बोलावला. पैसे चोख दिले. पण चहा दिला तो अंगणाबाहेर, कागदाच्या कपात. आपण मात्र कपबशीतून प्यायलो. मी तिथेच होतो. बघितलं आणि गप्प बसलो.

चुलीवर चहा ठेवलाय. तो उकळेपर्यंत देवळामागे जाऊन येऊ. हिराचे दोन खराटे आणि घमेलं आणलंय. एक खराटा माझा. दुसरा कोण घेतंय?