मृणालताई आणि घराचा प्रश्न

विट्याच्या या दुष्काळी टापूतून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या माणसांना शहराने काम दिले. घर दिले नाही. हा प्रश्न भाड्यापाशी संपत नाही, तो जमिनीच्या मालकीपर्यंत जातो, हे मृणाल गोरे यांनी ओळखले होते. वैद्यकीय शिक्षण सोडून त्या राष्ट्र सेवा दलाच्या कामात आल्या. १९५८ साली पती केशव गोरे यांचे निधन झाले, तरी त्यांनी गोरेगावचे काम सोडले नाही. १९६१ साली त्या मुंबई महापालिकेवर, १९७२ साली विधानसभेवर, तर १९७७ साली लोकसभेवर निवडून आल्या. लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हटले. त्या लाडक्या नावामागे त्यांचे निवाऱ्याचे काम मात्र काहीसे झाकले गेले.

१९७६ च्या नागरी कमाल जमीन धारणा कायद्याने अतिरिक्त जमीन सरकारजमा व्हायची होती. प्रत्यक्षात सवलतींच्या पळवाटेने बरीचशी मालकांकडेच राहिली. नागरी निवारा परिषदेने त्याच कायद्यावर बोट ठेवले, शासनाशी झुंज दिली आणि दिंडोशीला सुमारे ६२ एकरांवर सहा हजारांहून अधिक कुटुंबांची वसाहत उभी केली. मुंबईच्या गरजेपुढे हा आकडा लहानच. पुढे २००७ साली महाराष्ट्राने तो कायदाच मोडीत काढला. आजच्या भाडेकरूपाशी ते हत्यार नाही.