पाहुण्याचेही काही देणे लागते



सहलीचा वृत्तांत सांगा, असे कार्यकारिणीने सुचवले. पण आम्ही बारा जण भूतानहून परतलो, तेव्हा सर्वांत जास्त चर्चा डोंगरांची नव्हे, एका पावतीची झाली. म्हणून तिच्याविषयीच बोलतो.

भूतानने परदेशी पर्यटकांसाठी दार उघडले ते १९७४ साली, तेही बेताने. पाहुणे थोडे यावेत, पण देशाला लाभ मोठा व्हावा, हे तिथल्या सरकारचे धोरण. त्यासाठी पर्यटन विभाग परदेशी पाहुण्यांकडून रात्रीमागे ‘शाश्वत विकास शुल्क’ घेतो. हा पैसा सरकारी तिजोरीत जातो. मोफत शिक्षण, आरोग्यसेवा, रानवाटा आणि जंगल यांना त्याचा हातभार लागतो. देशाची किमान ६० टक्के भूमी वनाखाली राहावी, असे तिथली राज्यघटनाच सांगते.

आपल्याला पूर्वी हे शुल्क नव्हते. सप्टेंबर २०२२ पासून भारतीयांना माणशी, रात्रीला १२०० रुपये भरावे लागतात. दोघांचे सहा रात्रींचे झाले १४,४०० रुपये! ‘शेजारी म्हणवता आणि वर पैसे घेता?’ अशी कुरकुर आमच्यातही झाली.

मग पारोजवळचा ताक्त्सांग मठ चढलो. दाराशी मोबाइल, कॅमेरे, पिशव्या ठेवून आत गेलो. ना सेल्फी, ना आरडाओरडा. उतरताना पावतीचा विषय कुणी काढला नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. इतर देशांच्या पर्यटकांचे शुल्क २०२२ मध्ये ६५ डॉलरवरून २०० वर नेले. पर्यटन सावरावे म्हणून पुढच्याच वर्षी ते १०० वर आणावे लागले. हॉटेलवाले, गाईड, टॅक्सीवाले यांची चूल पाहुण्यांवरच पेटते. जागाही राखायची आणि लोकांचे पोटही, हा मेळ सरकारलाही चुकतमाकतच घालावा लागतो.

हे इथे का सांगतो? आपण इंदूरकर सुट्टी मिळाली की महेश्वर गाठतो. अहिल्यादेवींच्या घाटावर नर्मदामाईला हात जोडतो आणि उठताना कागदी प्लेटा तिथेच ठेवतो. आपल्याकडे कुणी पावती फाडत नाही, म्हणून आपले देणे फिटत नाही.

तेव्हा एक विनंती. मंडळाच्या पुढच्या सहलीत आपला कचरा आपल्याच बसमधून परत आणू आणि माणशी शंभर रुपये घाटाच्या सफाईसाठी बाजूला काढू. पहिले बारा जण आम्ही आहोतच.

गणपती बाप्पा मोरया!