कोणता एडिटर घ्यावा?



आकाशाचे वेध घ्यायला जयपूरच्या महाराजा सवाई जयसिंहांनी आधी पितळेची यंत्रे वापरून पाहिली. ती लहान पडत, त्यांचे आस झिजत आणि वेध चुकत. तेव्हा त्यांनी दगडचुन्याची प्रचंड यंत्रे बांधली. जंतरमंतरमधले सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे आणि त्यावर वेळ २ सेकंदांपर्यंत बारीक वाचता येते. आकाशासाठी ते योग्यच होते. पण ते यंत्र उचलून दुसरीकडे नेता येत नाही.

आज त्याच शहरात वेब प्रोग्रॅमिंग शिकणारी मुले विचारतात, एडिटर कोणता घेऊ? मी म्हणेन, ज्यातून उद्या सहज बाहेर पडता येईल, तो. अडोबीने ब्रॅकेट्सचा आधार २०२१ मध्ये काढून घेतला, गिटहबने अ‍ॅटम २०२२ मध्ये बंद केला. दोन्ही एडिटर एके काळी मुलांचे लाडके. ज्यांना एचटीएमएल आणि जावास्क्रिप्ट येत होते, त्यांनी आठवड्याभरात बिऱ्हाड हलवले. ज्यांना नुसती बटणेच पाठ होती, ते अडकले.

२०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल खुला केला. त्याआधी प्रत्येक एडिटरला प्रत्येक भाषा वेगळी शिकवावी लागे. आता एका भाषेचा एकच सर्व्हर चूक दाखवतो, शब्द सुचवतो; समोर व्हीएस कोड असो वा विम. त्यामुळे एडिटरवरून होणाऱ्या भांडणांत फारसा अर्थ उरलेला नाही, तरी ती होतच राहणार!

उरतो प्रश्न यंत्राच्या ताकदीचा. व्हीएस कोड फुकट आहे, पण तो इलेक्ट्रॉनवर, म्हणजे क्रोमच्याच इंजिनावर चालतो. ४ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर शेजारी ब्राउझर उघडला की दम लागतो. तिथे सब्लाइम टेक्स्ट हलका पडतो. वेबस्टॉर्म २०२४ पासून बिगरव्यावसायिक वापरासाठी मोफत आहे, पण त्याला रॅम भरपूर लागते. आणि विम थोडा तरी शिकाच: लिनक्स सर्व्हरवर बहुधा तोच किंवा त्याचा भाऊबंद भेटतो. फाइल उघडणे, साठवणे आणि मुख्य म्हणजे बाहेर पडणे एवढे आले तरी पुरे.

मराठी मजकुराची साइट करणाऱ्यांनी निवडीआधी 'ज्ञानेश्वर', 'राष्ट्र', 'दुसऱ्या' असे शब्द टाइप करून पाहावेत. जोडाक्षरे फुटतात का, कर्सर भलत्याच जागी उभा राहतो का, हे लगेच दिसते. फाइल मात्र यूटीएफ-८ मध्येच साठवा.