दंडातली कांडी

मागच्या वेळी तांबीबद्दल बोलले, त्यानंतर एका श्रोतीची चिठ्ठी आली. "ताई, दंडात बसवायची कांडी असते म्हणे. माझं वय १९, बाळ सहा महिन्यांचं. मला चालेल का?"

चालेल. पण आधी चार गोष्टी ऐकून घे.

कांडी म्हणजे इम्प्लांट. ४ सेंटिमीटर लांब, काडेपेटीतल्या काडीएवढी, वाकणारी. दंडाच्या आतल्या बाजूला जागा बधिर करून ती कातडीखाली सरकवतात. टाका लागत नाही. तिच्यातून थोडं थोडं संप्रेरक रक्तात जातं आणि बीज सुटणं थांबतं. ३ वर्षं काम चालतं. शंभरजणींनी वर्षभर वापरली तर एखादीलाही क्वचितच दिवस जातात. अंगावर पाजणारीला चालते, मूल न झालेलीलाही चालते. काढली की पुन्हा दिवस राहू शकतात, वांझपण येत नाही.

तरुण मुलींना हिचा उपयोग का, तर रोजची आठवण लागत नाही. गोळ्यांचं पाकीट ट्रंकेत लपवणं, माहेरी जाताना ते विसरणं, हे सगळं टळतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या शंभर बायकांतल्या जवळजवळ २२ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. ते लग्न लावणं गुन्हा आहे, त्यावर वेगळं बोलू. पण बाळंतपणानंतर निदान २ वर्षं पुन्हा दिवस राहू नयेत, आणि कोवळ्या वयात तर नाहीच नाही.

आता खरी अडचण. कांडीने पाळीचं वेळापत्रक बिघडतं. कुणाला महिन्यात दोनदा डाग पडतात, कुणाच्या अंगावरून पंधरा-पंधरा दिवस थोडं थोडं जातं, आणि पाचातल्या साधारण एकीची पाळी बंदच होते. जिवाला याचा सहसा धोका नसतो. घरात मात्र होतो गोंधळ! जिथे पाळीत बाजूला बसवतात तिथे ही सून दर आठवड्याला बाजूला, सासूबाई विचारणारच. (बाजूला बसवणंच बंद करा असं मी म्हणेन, पण ते उद्या सकाळी होणार नाही.) पाळी बंद झाली तर म्हणतात, घाण रक्त अंगात साचलं. तसं काही साचत नाही. गर्भाशयाचं अस्तर पातळ राहतं, बाहेर पडायला फारसं काही नसतंच. हे आधी सांगितलेलं असलं तर मुलगी घाबरत नाही. फार जास्त जात असेल, किंवा पोटात जोरात दुखत असेल, तर मात्र डॉक्टरांकडे जायचंच.

टीबीचं औषध चालू असेल तर बसवण्याआधी सांगा. त्यातल्या रिफाम्पिसिनमुळे कांडीचा असर कमी होतो. फिटच्या काही गोळ्यांचंही तसंच. स्तनाचा कर्करोग झालेला असेल, लिव्हरचा मोठा आजार असेल, किंवा अंगावरून जाण्याचं कारण सापडलेलं नसेल, तर दुसरं साधन निवडा. एचआयव्ही आणि गुप्तरोगांपासून कांडी वाचवत नाही, त्याला निरोधच लागतो.

आणि काढण्याचं काय? गोळी आपण आपली बंद करतो. कांडी स्वतः काढता येत नाही, शिकलेला हात लागतो. नॉरप्लांट नावाच्या जुन्या सहा कांड्यांच्या चाचण्या भारतात झाल्या, तेव्हा मुंबई-दिल्लीच्या स्त्री संघटनांनी विरोध केला होता. बायकांना पुरती माहिती मिळते का, नंतर त्यांची विचारपूस कोण करतं, हे त्यांचे प्रश्न होते. मला ते आजही बरोबर वाटतात. आता केंद्र सरकारने काही राज्यांच्या निवडक जिल्ह्यांत कांडी आणली आहे. ती सगळीकडे मिळत नाही, म्हणून चौकशी आधी करा.

बसवण्याआधी एवढं विचारा: "मला सहा महिन्यांतच नको झाली तर इथेच काढून द्याल ना? कोणत्या वारी? पैसे लागतील का?" ३ वर्षं पुरी झाली नाहीत म्हणून कुणी परत पाठवू लागलं, तर आशाताईंना सोबत घेऊन वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा. दंड तुमचा आहे, कारण सांगायची गरज नाही.

बसवल्याची तारीख कार्डावर लिहून घ्या, आणि कोणत्या दंडात तेही. कार्ड बाळाच्या लसीकरणाच्या कार्डाबरोबर ठेवा, म्हणजे हरवणार नाही. पुढच्या वेळी अंतरा इंजेक्शनबद्दल बोलू. नमस्कार.